आळीची मनी

आमच्या पिढीच्या लहानपणी मांजर कुणा एकाचं नसे, सगळ्या आळीचं असे. दूध एका घरी, झोप दुसऱ्याच्या कौलांवर, बाळंतपण तिसऱ्याच्या माळ्यावर. पांढऱ्या मनीच्या नाकाच्या शेंड्यावर खपली धरली, की बोक्याशी भांडली असेल म्हणून आजी हळद-खोबरेल लावायची. मनी ते चाटून टाकायची. जखम चिघळत जायची, आणि पुढे कधीतरी मनी यायचीच थांबायची.

आज त्या खपलीचं निदान होतं. पांढऱ्या मांजराच्या नाकाकानांवर केस विरळ आणि कातडीत रंगद्रव्य नाही, म्हणून वर्षानुवर्षांचं ऊन तिथं स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा कर्करोग रुजवू शकतं. त्यावर प्रकाशाचाच उपचारही आहे. चट्ट्यावर एक मलम लावतात. रोगट पेशी त्यापासून प्रकाशाला संवेदनशील असं द्रव्य तयार करतात. काही तासांनी भूल देऊन लाल प्रकाश सोडला, की आतल्या ऑक्सिजनचं उग्र रूप बनतं आणि त्या पेशी मरतात. नाक कापावं लागत नाही. केंब्रिजच्या पशुवैद्यांनी २००८मध्ये ५५ मांजरांचा अनुभव प्रसिद्ध केला. ४७ जणांचा चट्टा पूर्ण गेला, पण त्यांतल्या सुमारे निम्म्यांना तो पुन्हा उगवला.

तेव्हा उपाय नव्हता, पण बघणारे पुष्कळ होते. संध्याकाळी कुणीतरी मनीला मांडीवर घेई, हनुवटी धरून तोंड न्याहाळी, कानातली गोचीड काढी. त्या मायेनं मनी वाचत नसे, हे खरंच आहे. तरी त्या मांडीची हुरहूर जात नाही.

आता उपाय आहे, आणि बघणारे दोनच, तेही दिवसभर बाहेर. फ्लॅटमधलं मांजर कडक उन्हापासून वाचलं, हे चांगलंच झालं. कौलांवरची ती ऐसपैस झोप मात्र त्याच्या वाट्याला येत नाही.

उपचाराचा तो लाल प्रकाश फार खोल जात नाही. चट्टा पातळ, वरवरचा असेल तोवरच गुण येतो. म्हणजे नव्या विद्येलाही ती जुनी, रोज न्याहाळणारी नजर हवीच आहे. आळी परत येणार नाही, नजर आणता येईल. घरी पांढरं मांजर असेल, तर रोज त्याचं नाक आणि कान पाहा, आणि न भरणारी खपली दिसली की पशुवैद्य गाठा.