पंच क्रमांक दोन

देऊळघाटात आमच्या शेजारी राहणाऱ्या जमादारांना सगळं गाव चाचा म्हणायचं. पोलीस खात्यात ते हेड कॉन्स्टेबल होते. मी कुणाकुणाचं देणं लागतो याचा हिशेब मांडला, तर आईवडिलांनंतर पहिलं नाव त्यांचं येतं. पैसा, नोकरी, शिफारस यांतलं त्यांनी मला काहीच दिलं नाही. नव्वदच्या दशकात एका सकाळी ते दारात आले आणि म्हणाले, "बाबू, चल. पंच पाहिजे."

रस्त्याच्या कडेला एक ट्रकचालक मरून पडला होता. पोटावर चाकूचे वार, खिसे उलटे, ट्रक गायब. पंच व्हायला कुणी पुढे येत नव्हतं. एकदा सही केली की कोर्टाच्या खेपा, बुडालेली मजुरी आणि आरोपीच्या माणसांचा धाक, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी नुकताच पदवी घेऊन घरी बसलो होतो. अक्षर बरं, म्हणून चाचांनी लिहायलाही मलाच बसवलं. कागद पुढे सरकवतानाच नियम सांगितला, "दिसलं तेवढंच लिव. वाटतं ते कोर्टाचं काम."

मग ते बोलत गेले, मी लिहीत गेलो. डोकं कोणत्या दिशेला, डांबरी कडेपासून अंतर किती, रक्त कुठवर वाळलेलं, चाकांच्या खुणा कुठे वळलेल्या. मातीतले पायांचे ठसे त्यांनी वाकून वाकून मोजले. चार जणांपर्यंत जबरी चोरी, पाच झाले की दरोडा. आणि दरोड्यात पाचांपैकी एकानं जीव घेतला तरी तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या कलम 396 प्रमाणे पाचही जण फाशी किंवा जन्मठेपेला पात्र. किती पाय होते यावर किती माणसांचं काय होणार हे ठरतं, असं मला त्या मातीत कळलं.

सगळं संपलं असं वाटत असताना चाचांनी मृताच्या सदऱ्याची कॉलर उलटी केली. आत शिंप्याच्या दुकानाची पट्टी होती, तीवर परप्रांतातल्या एका गावाचं नाव. हातावर गोंदण होतं, तेही जसंच्या तसं उतरवून घेतलं. बिनतारी संदेश गेला आणि त्या माणसाचे वडील आले. कपडे आणि गोंदण पाहून ते खालीच बसले. चाचांनी त्यांना घरी आणून जेवू घातलं. बेवारस म्हणून नोंदला जाणारा एक मुलगा त्या पट्टीमुळे बापाच्या हाती गेला.

पुढे खटला उभा राहिला. मी पंच क्रमांक दोन. बचावाच्या वकिलांनी विचारलं, "खून लुटीसाठी झाला हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "तसं मी लिहिलेलंच नाही." ते थांबले, कागद चाळला आणि पुढच्या प्रश्नावर गेले. दाराजवळ उभे असलेले चाचा माझ्याकडे पाहून हसले.

या शिकवणीचं मोल मला सप्टेंबर 2018 मध्ये नव्यानं समजलं. भोपाळजवळच्या मंडीदीपचा आदेश खामरा हा शिंपी पोलिसांच्या हाती लागला. ढाब्यावर ट्रकचालकांशी ओळख काढायची, खाण्यापिण्यातून गुंगीचं औषध द्यायचं, दोरीनं गळा आवळायचा, प्रेत दरीत नाहीतर नाल्यात टाकून मालासकट ट्रक विकायचा. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि आणखी काही राज्यांत मिळून तीसहून जास्त चालक-क्लीनर मारल्याची कबुली त्यानं दिल्याचं पोलिसांनी सांगितलं. प्रवाशांशी गोड बोलून रुमालानं गळा आवळणाऱ्या ठगांचीच ही रीत. 1830 च्या सुमारास ठगांच्या मागावर असलेल्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं माफीच्या साक्षीदारांकडून प्रेतं पुरल्याच्या जागा वदवून घेतल्या आणि त्या खणून सांगाडे बाहेर काढले, कारण नुसत्या जबानीवर भागत नव्हतं.

कायद्याचंही तेच म्हणणं. तेव्हा लागू असलेल्या 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 नुसार पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. कलम 27 नुसार तिच्यातला जेवढा भाग एखादी वस्तू किंवा जागा शोधून देई, तेवढाच चाले. तीस खुनांची कबुली आली, तरी प्रत्येक खुनासाठी कुठल्यातरी ठाण्याच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीत एक अनोळखी प्रेत नीट लिहिलेलं सापडावं लागतं. ज्यानं ते लिहिलं, त्याला आपण काय वाचवून ठेवलं हे बहुधा कधीच कळत नाही.

2024 पासून नवे कायदे आले. झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, गंभीर गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञानं जावं अशी तरतूद आली. चांगलंच झालं. पण कॅमेऱ्यासमोर कॉलर उलटी करायची बुद्धी कुणाला तरी व्हावीच लागते.

चाचा आता नाहीत. त्यांचं देणं त्यांना परत करायची सोय नाही, तसं ते त्यांनी मागितलंही नसतं. ते फेडायची वाट मला एकच ठाऊक आहे: ठाण्यातून पंच म्हणून बोलावणं आलं की मी जातो, आणि गावातला एखादा पोरगा टाळाटाळ करू लागला की त्यालाही सोबत घेऊन जातो.