चार हात दूर

दिवाळीची सुटी जवळ आली की वर्गावर्गांतून एकच प्रश्न ऐकू येतो : “तुझे गाव कोणते? तू गावी जाणार का?” विचारणाऱ्यास हा प्रश्न अगदी साधा वाटतो. परंतु ज्यास सांगावयास गावच नाही, त्याच्या कानी तो कसा पडत असेल, याचा विचार २०२० सालापर्यंत आम्ही कधी केला नव्हता. त्या साली तो करणे आम्हांस भाग पडले. त्यातून जे शिकावयास मिळाले, ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

त्या वर्षाच्या आरंभी आमच्या पुण्याच्या घरी दोन मुले राहावयास आली. बहीण अकरा वर्षांची, भाऊ सात वर्षांचा. त्यांची आई दीर्घकाळ आजारी होती व सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. म्हणून ती काही महिने बालगृहात होती. बालकल्याण समितीने आम्हां उभयतांस त्यांचे प्रतिपालक नेमले. प्रतिपालक होणे म्हणजे दत्तक घेणे नव्हे. मूल आपल्या आईचेच राहते. तिला त्याची भेट घेता येते. तिचे दिवस पालटले म्हणजे ते तिच्याकडे परत जावे, हीच सर्वांची इच्छा असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात भावंडांना शक्य तो एकत्रच ठेवावे असेही सांगितले आहे. त्याच कायद्याने अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. म्हणून येथे आम्ही त्यांना ताई व छोटू एवढेच म्हणू. ती आम्हांस काका व काकू म्हणत.

मुले घरात रुळतात न रुळतात तोच कोविडची महासाथ आली. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. शाळा दूरध्वनीच्या पडद्यावर आली, आईच्या भेटी बंद पडल्या व तिचे दर्शनही त्याच पडद्यावर होऊ लागले. ऑक्टोबरात एके दिवशी पडद्यावरील वर्गात बाईंनी मुलांना सुटीचे बेत विचारले. आपली पाळी येताच ताईने पडदा बंद केला. मागाहून ती आम्हांस म्हणाली, “काकू, आमचं गाव कोणतं म्हणून सांगू?”

आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रकाठच्या एका गावी आहे. तेथे आमच्या मातोश्री एकट्याच राहतात. त्या वेळी त्यांचे वय ७८ होते. जिल्हा ओलांडण्यासाठी लागणारा ई-पास २ सप्टेंबरपासून रद्द झाला होता व एस.टी. गाड्या सुरू झाल्या होत्या. तरीही मनात मोठी धाकधूक होती. लक्षणे दिसण्यापूर्वीच हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि वृद्धांस त्याचा धोका सर्वांत अधिक, हे तोवर सर्वांस कळून चुकले होते. लस तर अजून निघावयाची होती. शेवटी मातोश्रींशी बोलून असे ठरविले की, गावी जावे, परंतु पहिले दहा दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत निराळे राहावे व घरात पाऊल टाकू नये. मुलांना जिल्ह्याबाहेर न्यावयाचे म्हणून समितीकडे लेखी अर्ज केला, व अनुमती मिळाल्यावरच तिकिटे काढली.

७ नोव्हेंबरच्या पहाटे आम्ही स्वारगेटहून निघालो. सर्वांच्या तोंडास मुखपट्ट्या होत्या. ताम्हिणीचा घाट उतरून, माणगावावरून गाडी महाडास आली. तेथे गाडी बदलावयाची होती. महाडचे नाव वाचताच ताईने चवदार तळ्याची गोष्ट काढली. ती तिच्या पुस्तकात होती. आम्ही तिला आणखी सांगितले की, हे तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तेथील पाणी प्याले, तेव्हा इतर लोकांनी तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी करविली. माणसाने माणसास शिवू नये, अशी ती रूढी होती. छोटू हे सारे लक्ष देऊन ऐकत होता. या गोष्टीचा पुढे काय अर्थ लावला जाणार आहे, याची आम्हांस कल्पना नव्हती.

तिसऱ्या प्रहरी घरी पोहोचलो. त्याच वर्षी ३ जूनला आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने वाडीची दैना केली होती. अर्ध्याहून अधिक पोफळी आडव्या पडल्या होत्या व माडांचे नुसते बुंधे उभे होते. मातोश्री ओटीवर उभ्या होत्या. अंगणाच्या मध्यभागी त्यांनी रांगोळीची एक लांब रेघ ओढून ठेविली होती. सरकार सांगे की माणसांनी दोन यार्डांचे, म्हणजे सहा फुटांचे, अंतर राखावे. मातोश्रींना यार्ड व फूट कोठून ठाऊक असणार? त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत आपल्या हाताने मोजले, तो बरोबर चार हात भरले. ओटीच्या पायरीपासून चार हातांवर ती रेघ होती. जेवणाची ताटे त्या रेघेवर ठेवीत व मागे सरत. मग आम्ही ती उचलीत असू.

मुलांनी काही विचारले की आम्ही म्हणत असू, “तसा नियम आहे.” येथेच आमची चूक झाली. बालगृहात राहिलेल्या मुलांनी ‘नियम आहे’ हे शब्द आजवर पुष्कळ ऐकले होते. कारण मोठ्यांनी समजून घ्यावे व मुलांनी नियम पाळावा, एवढ्यावर आम्ही थांबलो.

१४ नोव्हेंबरला नरकचतुर्दशी होती. पहाटे मातोश्रींनी ऊन खोबरेल तेलाची वाटी व उटणे रेघेवर आणून ठेविले. शेजारच्या ओटीवर एक आजी आपल्या नातवाच्या डोकीस तेल चोळीत होत्या. छोटू तिकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने ओटीकडे तोंड करून मोठ्याने विचारले, “आजी, तुम्ही आम्हांला शिवत का नाही? आम्ही तुमचे नाही म्हणून?” ताईने त्याचा हात ओढला व हलक्या आवाजात म्हणाली, “गप्प बस. महाडला काकांनी सांगितलं ना? तसंच असतं ते.”

आम्ही दोघेही स्तब्ध झालो. आठ दिवस ही लेकरे मनात काय घेऊन वावरत होती, हे त्या क्षणी आम्हांस कळले.

मातोश्री पायरीवर बसल्या व म्हणाल्या, “इकडे बघ, बाळा. हा तुझा काका माझ्या पोटचा ना? फेब्रुवारीत येऊन गेला, तो आता दिवाळीला आला. त्याला तरी मी हात लावलाय का? त्याचं ताटही रेघेवरच ठेवते ना? मला तुमचा विटाळ नाही रे. हा रोग म्हाताऱ्या माणसांना फार वाईट. तुमच्याबरोबर तो आला असेल की नाही, ते तुम्हांलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. म्हणून तुम्ही माझी काळजी घेऊन पलीकडे बसलात. आज आठवा दिवस. अजून दोन दिवस सांभाळा मला.”

छोटूने थोडा विचार केला व म्हणाला, “म्हणजे आम्ही आजींना सांभाळतोय?”

“दुसरं कोण सांभाळतंय?” मातोश्री म्हणाल्या.

त्या घटकेपासून रेघेचा पहारा छोटूकडे गेला. रांगोळी पुसट झाली की तो ती पुन्हा ओढी. एकदा आमचाच पाय नकळत पलीकडे पडला, तेव्हा त्याने केवढा गहजब केला! ताई वाडीत रमली. पावसाळ्यात गड्याने केळींच्या सावलीत सुपारीची नवी रोपे लाविली होती. कोवळ्या रोपांस ऊन सोसत नाही, म्हणून केळीचा आडोसा देतात. मातोश्री ओटीवरून सांगत व दोघे भावंडे पाटाचे पाणी आळ्यांत सोडीत. एका रोपास छोटूने स्वतःचे नाव दिले. त्याने विचारले, “याला सुपारी कधी लागेल?” पाचसहा वर्षे लागतील, असे आम्ही म्हणालो. “तेव्हा आम्ही इथे असू?” याला मात्र आम्हांस होकार देता येईना. खोटे सांगण्यापेक्षा आम्ही एवढेच म्हणालो, “तुम्ही कुठेही असा, झाड इथेच असेल व ते तुझेच असेल.”

१६ नोव्हेंबरला पाडवा व भाऊबीज एकाच दिवशी आली. तो दहावा दिवस. सर्वांची प्रकृती उत्तम होती. तिन्हीसांजा झाल्या तेव्हा मातोश्री पायऱ्या उतरल्या, त्यांनी आपल्या हाताने ती रेघ पुसली व छोटूस पाटावर बसवून म्हणाल्या, “चतुर्दशीचं तेल राहिलंय हो तुझं.” त्या तेल चोळीत होत्या आणि छोटू डोळे मिटून अगदी स्वस्थ बसला होता. मग त्यांनी ताईची वेणी घातली. ताईने भावास ओवाळले. पडद्यावरून त्यांची आई ते पाहत होती. “आई, हे आमचं गाव,” असे म्हणून ताईने दूरध्वनी हातात धरून तिला अंगण, विहीर व वाडी दाखविली.

२०२२ च्या उन्हाळ्यात आई बरी झाली व मुले तिच्याकडे परत गेली. घर काही दिवस फार रिकामे वाटले. तथापि जे व्हावे तेच झाले. अजून दिवाळीत छोटूचा दूरध्वनी येतो व आपले झाड केवढे झाले, ते तो विचारतो.

पालकहो, अंतर ठेवण्याची वेळ घरोघरी येते. कधी रोगामुळे, कधी अन्य कारणाने. तिरस्काराचे चार हात व काळजीचे चार हात मोजून सारखेच भरतात. मुलास त्यांतील भेद डोळ्यांनी दिसत नाही. तो त्यास आपण बोलून दाखवावा लागतो. आम्हांस ते आठ दिवस उशिरा सुचले, आणि तेही आमच्या आईमुळे. आणि विद्यार्थिमित्रांनो, सुटीच्या आधी वर्गात एखादा सोबती गावाचे नाव सांगताना अडखळला, तर त्यास पुन्हा विचारू नका. जमल्यास त्यास आपल्या गावी चलण्याचे निमंत्रण द्या.