वाहन बेडूक आहे, पण पेरायचं कधी?

दरवर्षी 2 फेब्रुवारीला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, पंक्सटॉनी नावाच्या गावी, उंच काळ्या टोप्या घातलेली माणसं एका ग्राउंडहॉगला बाहेर काढतात. ग्राउंडहॉग म्हणजे खारीच्या कुळातला, बिळात राहणारा एक गुबगुबीत प्राणी. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी अजून सहा आठवडे, नाही दिसली तर वसंत लवकर. जर्मनीहून आलेल्या लोकांनी ही चाल सोबत आणली आणि पंक्सटॉनीत 1887 पासून ती सुरू आहे. अमेरिकन हवामान संस्थेने अलीकडच्या वर्षांचा पडताळा घेतला, तेव्हा त्याचे निम्म्याहून कमी अंदाज बरोबर निघाले. म्हणजे नाणं उडवलेलं बरं.

आमच्या टीमच्या ग्रुपवर हा व्हिडिओ दरवर्षी येतो आणि सगळे हसतात. मीही हसतो, पण जरा जपून. कारण मी हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्याचा आहे. आमच्याकडे थंडी कधी जाणार हे कुठल्याच प्राण्याला विचारत नाहीत. 'होळी जळाली, थंडी पळाली', विषय संपला. प्राण्यांना विचारतात ते पावसाचं. आणि तिथे हसण्यासारखं फार काही नसतं, कारण त्या उत्तरावर बियाण्याची बॅग फोडायची की नाही हे ठरतं.

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन असतं. 7-8 जूनच्या सुमारास सूर्य मृगात जातो, मग साधारण दर दोन आठवड्यांनी आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर पाऊस, कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ, मोर किंवा गाढव असेल तर मध्यम. लहानपणी मला वाटायचं, कुणीतरी बेडूक बघून हे लिहीत असेल.

प्रत्यक्षात त्यात बेडूक कुठेच नाही. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते बघायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि आलेल्या संख्येला 9 ने भागायचं. बाकी 1 उरली तर घोडा, 2 कोल्हा, 3 बेडूक, 4 मेंढा, 5 मोर, 6 उंदीर, 7 म्हैस, 8 गाढव आणि काहीच उरलं नाही तर हत्ती. समजा सूर्य मृगात आणि चंद्र विशाखात. मृगापासून मोजत गेलं की विशाखा बारावी. बारा भागिले नऊ, बाकी तीन. झाला बेडूक. पायथनमध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम होतो. पुढच्या शंभर वर्षांची वाहनं आजच काढून ठेवता येतील.

अडचण तिथेच आहे. या हिशेबात ना वारा, ना ढग, ना गावाचं नाव. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हिंगोलीत साधारण 900. पण मृगाचं वाहन बेडूक असेल तर दोन्हीकडे एकच बेडूक.

खरे प्राणी वेगळे. मे संपत आला की आमच्या शिवारात पावशा ओरडायला लागतो. 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असं आपल्याला ऐकू येतं. हिंदीत तोच 'पी कहाँ' विचारतो आणि इंग्रजांना त्यातून 'ब्रेन फीवर' ऐकू आलं. तो ओरडतो त्याच्या विणीच्या हंगामामुळे. कोकिळेसारखाच तोही स्वतः घरटं बांधत नाही, त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडी घालते. म्हणजे त्याचं कॅलेंडर सातभाईंच्या कॅलेंडरला बांधलेलं. ऋतू बदलतोय हे त्याला खरंच कळतं. पण पाऊस चार दिवसांनी येणार की चोवीस, हे त्याच्या ओरडण्यात नसतं.

टिटवीचंही तसंच. तिने चार अंडी घातली तर चार महिने पाऊस, असं म्हणतात. पण टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. त्यामुळे तिचा अंदाज दरवर्षी चांगलाच असतो, बिचारीचा काही दोष नाही. कावळ्याने घरटं झाडाच्या पूर्वेला केलं तर पाऊस चांगला, अगदी शेंड्यावर केलं तर दुष्काळ, ही खूणही सांगतात. मारुती चितमपल्लींमुळे अशा खुणा शहरातल्या वाचकांपर्यंत पोचल्या.

पण हे सगळे प्राणी, खरे आणि पंचांगातले, एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: पाऊस येणार का? शेतकऱ्याचा प्रश्न तो नसतोच. पाऊस येतोच. प्रश्न असतो, आल्यावर टिकणार का? जूनमध्ये एक सर येते, सगळं शिवार पेरतं, मग वीस दिवस आभाळ कोरडं. सोयाबीन उगवून करपतं आणि दुबार पेरणी कपाळी येते. पुन्हा बियाणं, पुन्हा खत, पुन्हा ट्रॅक्टरचं भाडं. कधी खंड उशिरा पडतो. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि ऑगस्ट म्हणजे सोयाबीनला फुलं-शेंगा धरायचे दिवस. त्याची खबर ना बेडकाने दिली असती, ना पावशाने.

आता जूनमध्ये बाबांचा फोन येतो.

"पावशा वरडायलाय. तुझा मोबाईल काय म्हणतो?"

"बाबा, चार-पाच दिवसांचं दिसतंय. त्याच्या पुढचं खात्रीनं नाही सांगता येत."

"सगळ्या शिवारानं पेरलं रे."

या शेवटच्या वाक्यात खरी भीती आहे. एकट्याने थांबणं सोपं नसतं. उशीर झाला की उतारा घटतो, आणि चुकलं तर चूक एकट्याची. वाहनाचा हाच उपयोग असावा असं मला वाटतं. बेडूक होता, सगळ्यांनी पेरलं, सगळ्यांचं गेलं. कुणी कुणाला बोल लावत नाही. ग्राउंडहॉगला तेवढं ओझं नसतं. तो चुकला तर तिथली माणसं फक्त स्वेटर अजून काही दिवस घालतात.

परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हा नियम मला आवडतो, कारण तो उद्याबद्दल काही बोलतच नाही. पडून गेलेला पाऊस मोजा, एवढंच म्हणतो. जमिनीत तेवढी ओल असली की मधला छोटा खंड पीक सोसतं.

बाबांनी हा आकडा कुठे वाचलेला नाही. ते रानात वीतभर उकरतात, खालची काळी माती मुठीत दाबतात आणि मूठ उघडतात. लाडू झाला तर पेरायचं. फुटला तर पावशाला ओरडू द्यायचं.