आकड्याखालच्या ओळी

स्फटिकातले अणू कधीच स्वस्थ नसतात. तापमान केवळ शून्यापर्यंत उतरलं तरी त्यांची थरथर पुरती थांबत नाही. या सामूहिक कंपनांना फोनॉन म्हणतात आणि संगणकावर त्यांचा हिशेब मांडणं हे माझं काम. गणित संपलं की विद्यार्थी वारंवारतेचे आकडे टिपून घेतात आणि फाइल मिटतात. पण आकडा कंपनाचा वेगच सांगतो. कोणता अणू, कोणत्या दिशेला, किती हलतो, हे आकड्याखालच्या ओळींत असतं.

क्वांटम एस्प्रेसो या मुक्त प्रणालीत प्रत्येक कंपनाखाली अणुगणिक एक ओळ असते. तीत सहा संख्या असतात: तीन अक्षांवरचे घटक, प्रत्येकाचा वास्तव आणि काल्पनिक भाग. या प्रणालीतला ‘मॅटडिन’ हा प्रोग्रॅम दोन वेगळ्या गोष्टी लिहू शकतो. ‘मोड्स’ फाइलीत अणूंची विस्थापनं असतात, म्हणजे आयगेनव्हेक्टरला वस्तुमानाच्या वर्गमुळाने भागून आलेल्या संख्या. खरे, परस्परांना लंब असणारे आयगेनव्हेक्टर ‘आयग’ फाइलीत मिळतात. ती मात्र मागून घ्यावी लागते.

सिलिकॉन कार्बाइड घ्या. सिलिकॉनचं वस्तुमान २८, कार्बनचं १२. दोघे एकमेकांविरुद्ध हलतात त्या प्रकाशीय कंपनात वस्तुमानकेंद्र जागचं ढळत नाही. फुगडीत हलकी मुलगी मोठं वर्तुळ घेते, तसा कार्बन सिलिकॉनच्या सुमारे २.३ पट सरकतो. आयगेनव्हेक्टरमध्ये हेच गुणोत्तर १.५ दिसतं. बाणांचं चित्र काढायचं तर पहिली संख्या हवी. एका कंपनाचं दुसऱ्यावर प्रक्षेपण घ्यायचं तर दुसरी.

हाती कोणती फाइल आहे, हे ओळखायला तरंगसदिश शून्य असतानाचं ध्वनिक कंपन तपासावं. तिथे सगळा स्फटिक एकसंध सरकतो. दोन्ही अणूंच्या संख्या सारख्या असतील तर ती विस्थापनं, सिलिकॉनची कार्बनच्या १.५ पट असेल तर आयगेनव्हेक्टर.

समान वारंवारतेच्या कंपनांत आणखी एक मेख असते. त्यांचं कोणतंही रेषीय मिश्रण तितकंच वैध, म्हणून दोन संगणकांवरच्या ओळी जुळल्या नाहीत तरी दोन्ही बरोबर असू शकतात. अशा वेळी संख्या जुळवत बसू नये. त्या सदिशांनी व्यापलेला अवकाश एकच आहे का, ते पाहावं.

कधी वारंवारता ऋण छापलेली दिसते. ती खरं तर काल्पनिक असते, आणि गणित चुकलं असेलच असं नाही. घनाकार बेरियम टायटनेटमध्ये अशा आकड्याखाली टायटॅनियम एकीकडे आणि ऑक्सिजन दुसरीकडे सरकताना दिसतात. सुमारे १२० अंश सेल्सिअसखाली तो स्फटिक खरोखर असाच विकृत होतो आणि फेरोविद्युत बनतो. तेव्हा ऋण आकडा दिसला म्हणून फाइल पुसण्याआधी त्याखालच्या ओळी वाचाव्यात. स्फटिकाला कुठे जायचंय, ते तिथेच लिहिलेलं असू शकतं.