तळाशी बसलेले पाणी

सुसान्नेची गोष्ट आपण वर्षातून एकदा ऐकतो, उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी. दानिएलच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय. (आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये तो नसतो, म्हणून शेजारच्या चर्चमधल्या मैत्रिणींना ती गोष्ट आम्हालाच सांगावी लागते.) धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ती मुलांना सांगतो तेव्हा मुले सुसान्नेकडे बघतात, तिच्या प्रार्थनेकडे बघतात. दानिएलने काय केले हे मात्र घाईत निसटते. त्याने भाषण केले नाही. दोन्ही वडिलांना वेगवेगळे उभे करून एकच साधा प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली? एकाने एक झाड सांगितले, दुसऱ्याने दुसरे.

ह्या जुलैत आमच्या चर्चच्या गाडीचे प्रकरण झाले. त्यातही एक झाड होतेच.

गाडी म्हणजे जुनी, कार्बोरेटरवाली पेट्रोल ओम्नी. मागची सीट काढून तिथे फळी आणि गादी टाकली आहे. आजारी माणसाला आडवे नेता येते, आणि लांबच्या वाडीवर मुक्काम पडला तर झोपताही येते. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात ह्या गाडीवाचून आमचे काही चालत नाही. पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला हिच्यातूनच जातात, आणि आठवड्यातून दोन वेळा वाडीवरच्या एका मावशींना डायलिसिससाठी बेळगावला न्यायचे असते.

त्या मंगळवारी चढावर गाडी आचके देऊ लागली. सपाटीवर थोडी चालायची, चढ आला की गळाठायची. शेवटी बंदच पडली. मावशी आत गादीवर, बाहेर धो धो पाऊस. मागून आलेल्या एका टेंपोने त्यांना पोहोचवले, पण दोन तास उशिरा. ज्यांच्या घरात डायलिसिसचा माणूस आहे त्यांना त्या दोन तासांचा अर्थ सांगायला नको.

म्हणूनच पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत आवाज चढले. मेकॅनिकने फोनवर एवढेच सांगितले होते की पेट्रोल खराब आहे. तेवढे पुरले. एकजण म्हणाले, पेट्रोल काढून विकले असेल आणि वर रॉकेल घातले असेल. नाव कोणी घेतले नाही. घ्यायची गरजही नव्हती, कारण किल्ली एकाच माणसाकडे असते. आमचे ड्रायव्हर मामा साठी ओलांडलेले, मानधन नावापुरते. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आधी बाटलीत बघा. मग मला काय बोलायचं ते बोला."

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर मेकॅनिकने गाडी उघड्यावर घेतली. आधी बॅटरीची वायर सोडली, आसपासच्यांना बिडी-सिगारेट आणि मोबाईल लांब ठेवायला लावले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. म्हणून हे काम गॅरेजच्या खड्ड्यात किंवा बंद शेडमध्ये करायचे नसते. टाकीतले पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढले, आणि त्यातले तळाचे थोडे एका स्वच्छ काचेच्या बाटलीत. बाटली पायरीवर ठेवली आणि आम्ही सगळे चहाला गेलो. परत आलो तर बाटलीत आडवी रेघ उमटलेली, जणू कोणी पट्टी लावून ओढली आहे. वर पिवळसर पेट्रोल, खाली वेगळा, गढूळ थर.

रॉकेल असे वेगळे बसत नाही, ते पेट्रोलमध्ये मिसळून जाते. खाली होते ते पाणी, आणि पाण्याबरोबर मद्यार्क. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला पाण्याची ओढ. थोडे पाणी ते पोटात घेऊन पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवते, त्यामुळे काही दिवस कोणाला पत्ता लागत नाही. मर्यादा ओलांडली, किंवा रात्री गारवा पडला, की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडून पाण्याबरोबर तळाला जाते. इंजिनाला जाणारे पेट्रोल ओढले जाते तेही तळाकडूनच.

पण बाटलीने फक्त पाणी आहे एवढे सांगितले. रॉकेलही असेल तर? म्हणून वरच्या थराचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाकला. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते आणि डाग राहत नाही. डाग राहिला नाही. दोन साक्षीदार, वेगवेगळे विचारलेले.

मग संशय पंपाकडे वळला. संशयाला बसायला जागा लागतेच. मामांकडे पावती होती, ती घेऊन आम्ही दोघे-तिघे पंपावर गेलो. हे प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावे: फिल्टर पेपर, घनतेची तपासणी आणि पाच लिटरचे माप, ही तिन्ही ग्राहकाला मागता येतात. पंपावर त्या दिवशीची घनता लिहिलेली असते आणि टँकरबरोबर आलेल्या आकड्यापासून ती 3 पेक्षा जास्त हलता कामा नये. आकडे जुळले. पाणी लागले की रंग बदलणारी पेस्ट दांड्याला लावून जमिनीखालच्या टाकीत सोडली, तिचाही रंग बदलला नाही. पंपवाले शांतपणे सगळे करून दाखवत होते, ही त्यांची भलाई.

पाणी आले होते आंब्याखालून. चर्चच्या आवारात गाडीला शेड नाही. ती आंब्याखाली उभी असते, आणि पाऊस थांबला तरी झाड तासभर गळत राहते. पेट्रोलच्या झाकणातले रबर वाळून तडकले होते, आणि भरायच्या नळीचे तोंड गंजून खाल्ले गेले होते. जूनपासून थेंब थेंब आत जात होते.

वरचे पेट्रोल तरी ठेवू या, असे कौन्सिलमधल्या हिशेबनीस बाई म्हणाल्या, आणि भाव पाहता त्यांचे काही चुकले नाही. मेकॅनिकने नाही म्हटले. इथेनॉल निघून गेले की उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो, इंजिन ठोके देते. सगळेच काढले. ते गटारात ओतू दिले नाही, डबा बंद करून जुने ऑईल नेणाऱ्याकडे दिला. गटार पुढे ओढ्याला मिळते आणि त्या ओढ्यावर गुरे पाणी पितात. टाकी धुऊन वाळवली. कार्बोरेटरच्या वाटीत तांबडा गाळ निघाला. फिल्टर नवा, रबराच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, झाकण नवे. शेवटी पाच लिटर ताजे पेट्रोल.

यरीहोच्या लोकांनी अलीशाला वाईट पाण्याचे गाऱ्हाणे सांगितले, तेव्हा तो लोकांच्या घड्यांपाशी थांबला नाही, झऱ्याच्या मुखाशी गेला. मेकॅनिक नळीच्या तोंडाशी बोट घालून गंज खरवडत होता तेव्हा आम्हाला ते वाचन आठवले.

किल्ली मात्र अजून टेबलाच्या खणात होती. मामा चर्चला येत होते, मागच्या बाकावर बसत होते आणि मिस्सा संपताच निघून जात होते. मावशींना दोन खेपा भाड्याच्या गाडीने न्यावे लागले. रविवारी मिस्सानंतर, ज्यांनी रॉकेलचा शब्द काढला होता ते स्वतः खण उघडून किल्ली घेऊन मामांच्या मागे गेले. दोघे आंब्याखाली बराच वेळ उभे होते. काय बोलले ते आम्हाला ऐकू आले नाही, आणि आम्ही विचारलेही नाही.

मंगळवारी सकाळी सहाला गाडी सुटली. शेडसाठी पत्रे बघायला घेतले आहेत. तोवर मामा झाकणावर जाड प्लॅस्टिक बांधतात, आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाहीत.