तोंडात काय आहे? दाखव!



आठवीच्या वर्गाला मागच्या महिन्यात 'माझे बालपण' हा निबंध लिहायला दिला होता. बेचाळीस वह्या जमा झाल्या. दरवर्षी या विषयावर आजीच्या गोष्टी, मामाचं गाव, सायकलवरून पडणं हेच जास्त येतं. या वेळी मी फळ्यावर एक सूचना लिहिली होती, "घरी विचारून या, तुम्ही लहानपणी काय काय तोंडात घातलं होतं?" मग काय विचारता! कुणी बाबांच्या चपलेचा पट्टा, कुणी कुंडीतली माती, कुणी मेलेला मुंगळा. एका पोट्ट्याने तर लिहिलं की त्याने कूलरच्या ताटीचं गवत चघळलं होतं आणि आईला ते दुसऱ्या दिवशी कळलं. कसं कळलं तेही त्याने लिहिलंय, इथे देत नाही.

वह्या तपासताना हसून हसून पुरेवाट झाली. पण एका वहीजवळ थांबावं लागलं. ती गोष्ट शेवटी सांगते. आधी माझी सांगते, कारण निबंध विद्यार्थ्यांनी लिहायचा आणि बाईंनी नुसते लाल शेरे मारायचे, हे बरं नाही.

माझा मुलगा २०११ मध्ये दहा महिन्यांचा होता. आम्ही तेव्हा महालात राहायचो, जुनं घर, पुढे लहानसं अंगण. पोरगं रांगायला लागलं आणि घरातली एकही वस्तू त्याच्या तोंडातून सुटली नाही. केरसुणीची काडी, पोछ्याचं फडकं, भिंतीचा पोपडा, वर्तमानपत्राचा कोपरा. मी त्याच्या मागे मागे बोट घेऊन फिरायची. तोंडात बोट घालायचं, काय असेल ते बाहेर काढायचं, हात धुवायचे, की पुन्हा तेच. खेळणी उकळत्या पाण्यात टाकायची. फरशी दिवसातून दोनदा जंतुनाशकाने पुसायची. शेजारीण म्हणायची, "मॅडम, तुमच्या घरात आलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटते."

सासूबाई अगदी उलट. त्या त्याला खुशाल अंगणात सोडायच्या. मी काही बोलले की म्हणायच्या, "काऊन घाबरते वं? मातीच त खाल्ली, जहर नाही खाल्लं. कृष्णानं नाही का खाल्ली?" मी म्हणायची, "आई, कृष्णाच्या तोंडात यशोदेला विश्व दिसलं. याच्या तोंडात मला जंतू दिसतात." त्या हसायच्या. मला मात्र हसू येत नसे.

आता वाचते तेव्हा कळतं की मूल हे का करतं. तीन-चार महिन्यांपासून मूल वस्तू तोंडाकडे नेऊ लागतं. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात हे सगळ्यात जास्त असतं आणि दोन वर्षांनंतर बरंच कमी होतं. आपण नवीन वस्तू हातात फिरवून बघतो ना, तसं ते जिभेने बघतं. पेनफिल्ड नावाचे कॅनडातले मेंदूशल्यविशारद होते. शरीराच्या कोणत्या भागाच्या संवेदनेला मेंदूत किती जागा आहे, याचा नकाशा त्यांनी मांडला. त्या नकाशावरून माणसाचं चित्र काढलं तर त्याचे ओठ, जीभ आणि हात प्रचंड मोठे येतात, आणि पाठ-पोट अगदी एवढंसं. वर्गात मी ते चित्र फळ्यावर काढते तेव्हा मुलं म्हणतात, "मॅडम, हा कार्टून आहे काय?"

१९७९ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मेल्टझॉफ आणि बोर्टन यांनी एक प्रयोग छापला होता. महिनाभराच्या बाळांना न दाखवता एक चोखणी तोंडात दिली, काहींना गुळगुळीत, काहींना खडबडीत. नंतर दोन्ही प्रकार डोळ्यांसमोर धरले, तर बाळं जी तोंडात होती तिच्याकडेच जास्त वेळ बघत राहिली. पुढे इतर संशोधकांना हा निकाल तसाच मिळाला नाही, त्यामुळे त्यावर वाद आहे. पण दहा महिन्यांच्या पोराला चमचा चाटताना बघितलं की अभ्यास चाललाय हे पटतं.

असो. त्या वर्षी ऑगस्ट संपता संपता पोळा आला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडाचे बैल सजवून मिरवतात. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. रोगराई, इडापिडा सगळी घेऊन जा, असं म्हणत लोक ओरडतात आणि आमचा सगळा भाग ढोलताशांनी दणाणून जातो. सासऱ्यांनी नातवासाठी हौसेने रंगीत लाकडी बैल आणला होता. पोराने पूजा व्हायच्या आधीच त्याचं शिंग तोंडात घातलं. लाल रंग ओठांना लागला. मी बैल ओढून घेतला, ते रडलं, सासरे नाराज झाले.

रात्रीपासून त्याला जुलाब सुरू झाले. पहाटेपर्यंत सात-आठ वेळा. सोबत उलट्या. सकाळी ते रडत होतं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. लंगोट कोरडाच. टाळू खोल गेलेली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होईना. माझे हातपाय गळाले. आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत मी सासूबाईंना सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही माती खाऊ घातली माझ्या लेकराला. आता बघा."

त्या काहीच बोलल्या नाहीत. पदराने त्याचं तोंड पुसत राहिल्या.

रस्ते मारबतीच्या गर्दीने भरलेले. रिक्षा बडकस चौकाच्या पुढे जाईना. यजमानांनी पोराला छातीशी धरलं आणि आम्ही गर्दीतून वाट काढत चालत दवाखाना गाठला. रोगराई बाहेर न्यायला निघालेल्या मिरवणुकीतून आम्ही आजारी पोर घेऊन उलट्या दिशेने चाललो होतो, हे मला आजही आठवतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. अजून सलाईनची वेळ आलेली नाही, आधी ओआरएस देऊन बघू म्हणाल्या. मी मातीचं सांगितलं, बैलाचं सांगितलं, फरशी किती वेळा पुसते तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दूध कशानं पाजता?"

मी सकाळच्या पाळीच्या शाळेत होते. सहा महिन्यांची रजा संपल्यावर बाटली लावली होती. साडेसहाला दूध भरून ठेवून जायची, ते पोरगं अकरापर्यंत दोन-तीनदा थोडं थोडं प्यायचं. बाटली पिशवीतच होती. त्यांनी तिचं रबरी बूच काढलं, उलटं केलं आणि माझ्यासमोर धरलं. आत, जिथे माझा ब्रश पोचत नव्हता, तिथे दुधाचा पिवळट चिकट थर होता. वास येत होता.

"नक्की कशानं झालं ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या, "पण माझा पहिला संशय हिच्यावर. ऑगस्टच्या दमट हवेत चार तास ठेवलेलं दूध. हिला फेका. वाटी-चमच्यानं पाजा."

रंगलेली खेळणी उकळणारी मी. बाटली मात्र घाईत, नळाखाली, दोन मिनिटांत धुवायची. आपल्या देशात १९९२ पासून बाळाचं डब्याचं दूध आणि बाटल्या यांच्या जाहिरातीला बंदी घालणारा कायदा आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शिकलेली बाई होते मी!

एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात ओआरएसची एक पुडी. कमी पाण्यात नाही, अर्धी पुडी अंदाजाने नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, चमच्याचमच्याने. सोबत चौदा दिवस झिंक. साधी साखर आणि मीठ, पण १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव इथे, सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांत भरून कॉलऱ्याच्या रोग्यांना पाजलं आणि हजारो जीव वाचले. मी विज्ञानाच्या तासाला हा प्रसंग न चुकता सांगते.

त्या रात्री पोराला पाणी पाजलं ते सासूबाईंनी. मी रडून रडून झोपी गेले होते. दोन वाजता जाग आली तर त्या मांडी घालून बसलेल्या, मांडीवर पोरगं, एका हातात वाटी. एक चमचा, मग थांबायचं, मग एक चमचा. पहाटे लंगोट ओला झाला तेव्हा त्यांनीच मला हलवून उठवलं. "मुतलं वं पोट्टं," एवढंच म्हणाल्या. मी त्यांची माफी मागितली, पण लगेच नाही. आठवडा लागला. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. पण हात धू म्हणत जा मलेबी, मी अंगणातून येते त तसाच त्याले घास भरवते." म्हणजे चूक दोघींची थोडी थोडी होती.

मग माती चांगली का वाईट? १९८९ मध्ये स्ट्रॅचन नावाच्या संशोधकाने सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना गवताळ ताप म्हणजे एक प्रकारची ॲलर्जी कमी, असं दिसलं. लहानपणी जंतूंशी ओळख झाली तर शरीर नंतर उगाच भांडत नाही, हा विचार तिथून पुढे आला. त्याचा अर्थ माती भरवा असा नाही. ज्या मातीत कुत्र्या-मांजरांची किंवा माणसांची घाण मिसळते, तिच्यात जंतांची अंडी असतात. म्हणूनच २०१५ पासून जंतनाशक दिन असतो, आणि एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना गोळी मिळते. दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी. रोटाव्हायरसची लसही २०१६ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. माझ्या पोराच्या वेळी ती तिथे नव्हती.

आणि त्या रंगीत बैलाच्या बाबतीत मी अगदीच चुकले नव्हते. जुन्या रंगांत शिसं असायचं आणि ते मुलांच्या मेंदूला घातक. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत नव्वदपेक्षा जास्त नको, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं २०२१ मध्ये. आता तान्ह्या पोळ्याला मी बिनरंगाचा, नुसत्या लाकडाचा बैल घ्या म्हणते.

पण खरी भीती घाणीची नाही, घशाची. शेंगदाणा, चिंचोका, सीताफळाची बी, नाणं. रिमोटमधला आणि खेळण्यातला तो गोल चपटा सेल तर सगळ्यात वाईट, अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. तिथे उलटी करवू नका, केळं भरवू नका, सरळ दवाखाना. वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास अडकला तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब, आलटून पालटून, आणि कुणीतरी १०८ लावायचा. दिसत नसलेली वस्तू बोटाने आंधळेपणाने काढायला जायचं नाही, ती आणखी आत जाते. मी वर्षभर नेमकं तेच करत होते.

आता ती वही. एका मुलीने लिहिलं होतं, "मी लहानपणी पाटीची पेन्सिल खायची. अजूनही खाते. आईला माहीत नाही. मॅडम, कृपया वर्गात वाचू नका."

तेरा वर्षांची मुलगी. दहा महिन्यांच्या बाळाने खाणं वेगळं आणि हे वेगळं. माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, हे अनेकदा अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. मी तिला मधल्या सुट्टीत बाजूला घेतलं. दोन जिने चढली की दम लागतो म्हणाली. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते, तिचं विचारलं तर खाली बघू लागली. मळमळतं म्हणून ती गोळी नळाच्या मोरीत टाकायची. उपाशीपोटी घेत होती, हे त्यातून कळलं.

तिच्या आईला बोलावलं. त्या आधी रागावल्याच, "इतकं खाऊ घालते मी, आन् ही पेन्सिल खाते?" मी त्यांना बसवलं आणि माझी बाटलीची गोष्ट सांगितली. मग त्या तपासणीला तयार झाल्या. हिमोग्लोबिन आठच्याही खाली निघालं. डॉक्टरांनी रोजची गोळी दिलीय, जेवणानंतर, वर लिंबूपाणी, आणि तासभर चहा नाही.

सहा आठवडे झाले. पेन्सिल अजून पूर्ण सुटलेली नाही, पण आता ती मला येऊन सांगते, "मॅडम, या आठवड्यात फक्त दोनदा." पुढची रक्ततपासणी दिवाळीनंतर आहे. ही गोष्ट मी तिला आधी वाचून दाखवली, मगच इथे लिहिली. ती म्हणाली, "नाव नका टाकू, बाकी चालते."