क्षितिज नसलेली जागा



आपल्या पत्रातील प्रश्नाचा रोख असा की, सूक्ष्मदर्शकाखालील जीव आणि खोल समुद्रातील प्राणी यांच्यावरून केलेली चित्रे खरोखर अमूर्त ठरतात, की ती अपरिचित वस्तूंची हुबेहूब चित्रेच असून पाहणाऱ्याला मूळ वस्तू ठाऊक नसल्यामुळे तेवढी अमूर्त भासतात. शंका रास्त आहे. तिचे उत्तर, चित्रकार त्या सृष्टीतून नेमके काय उचलतो, तेथील आकार की तेथे पाहण्याची रीत, यावर अवलंबून राहते.

आकार उचलण्याची परंपरा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल याच्यापाशी सुरू झाली असे म्हणण्यास हरकत नाही. रेडिओलेरिया, म्हणजे सिलिकाचा, काचेसारखा सांगाडा असलेले एकपेशीय सागरी जीव, हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रांतून जे नमुने गोळा केले, त्यांतील रेडिओलेरिया त्याच्याकडे सोपवण्यात आले आणि १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात साडेतीन हजारांहून अधिक नव्या प्रजातींची वर्णने व १४० चित्रफलक होते. पुढे १८९९ ते १९०४ या काळात त्याने निसर्गातील कलारूपांवरील शंभर फलकांचा संग्रह हप्त्याहप्त्याने काढला. त्याच्या रेखाटनांवरून शिळाछापाचे काम येना येथील आडोल्फ गिल्च याने केले. या फलकांवर प्रत्येक जीव पानाच्या मध्यरेषेवर काटेकोर तोलून मांडलेला असतो, लहान आकार मोठ्याभोवती समान अंतरावर बसवलेले असतात, आणि सारे पान ठिपक्यांच्या रांगोळीसारखे चारी बाजूंनी बंद होते. हेकेलची रेषा विलक्षण समर्थ आहे यात वाद नाही. परंतु पाण्यात वाहणारा, तुटलेला, अर्धवट वाढलेला जीव त्या पानावर क्वचितच येतो, कारण जिवंत गोंधळापेक्षा सममितीवर त्याची श्रद्धा अधिक होती. म्हणूनच वास्तुकार रेने बिने याला १९००च्या पॅरिस प्रदर्शनाचे भव्य प्रवेशद्वार रेडिओलेरियाच्या सांगाड्यावरून रचता आले. आकार तयार होता, तो फक्त वाढवायचा होता. त्यातून उत्तम नक्षी झाली, आणि केवळ आकार उसना घेणाऱ्या बहुतेक चित्रांची मजल नक्षीपर्यंतच जाते.

अमूर्त चित्रकार वासिली कांडिन्स्की याची वाट निराळी आहे. बिंदू, रेषा आणि प्रतल यांवरील १९२६च्या आपल्या ग्रंथात त्याने हजारपट मोठ्या करून दाखवलेल्या नायट्राइट तयार करणाऱ्या जिवाणूंचे चित्र एका विज्ञानविषयक ग्रंथमालेतून घेऊन छापले होते. तरीही त्या काळातील त्याची चित्रे मुख्यतः वर्तुळ, त्रिकोण आणि सरळ रेषा यांचीच राहिली. तो जेथे शिकवत होता ती बाउहाउस ही कलाशाळा १९३३ मध्ये बंद पडल्यावर तो वर्षअखेरीस पॅरिसलगतच्या न्यूयी-स्यूर-सेन येथे राहण्यास गेला, आणि तेथील अकरा वर्षांत, म्हणजे १९४४ मधील मृत्यूपर्यंत, त्याच्या चित्रांत भ्रूण, अमीबा, अळ्या, लव असलेले जंतू यांची आठवण देणारे आकार सातत्याने येत राहिले. ‘सक्सेशन’ (१९३५) या चित्रात असे आकार आडव्या पट्ट्यांत एखाद्या अज्ञात लिपीतील अक्षरांप्रमाणे ओळीने मांडलेले आहेत. याच सुमारास काही चित्रांत त्याने रंगात वाळू मिसळली, त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत होऊन प्रकाश निरनिराळ्या भागांवर निरनिराळा पडू लागला.

‘आकाशी निळा’ असे ज्याचे नाव मराठीत करता येईल ते मार्च १९४० मधील चित्र अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. १०० बाय ७३ सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर ढगाळ फिकट निळा रंग आहे आणि त्यावर लहान लहान बहुरंगी आकार एकमेकांपासून सुटे तरंगत आहेत. कशाला पायांसारखे काही, कशाला शेपटीसारखे, एखाद्याच्या पाठीवर कासवाच्या कवचाचा भास. मात्र कोणताही आकार ओळखीचा म्हणून पुरता हाती लागत नाही. जमीन नाही, सावली नाही, वर-खाली ठरवणारी रेषा नाही. निळा रंग आकाशाचा की पाण्याचा हे नावाने सांगितले असले तरी डोळ्यांना ते पटेलच असे नाही. जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरण्यास तेव्हा तीन महिने उरले होते; त्या भीतीचा मागमूस चित्रात नाही, आणि तो ओढूनताणून शोधण्याचेही कारण नाही.

या चित्रातील जागा कोठून आली याचा विचार केला म्हणजे मूळ प्रश्न सुटू लागतो. सूक्ष्मदर्शकाच्या अधिक वर्धनाच्या भिंगातून पाहताना एका वेळी मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाइतकाच थर स्पष्ट दिसतो आणि त्याच्या वरचे-खालचे सर्व धूसर होते. फोकसचा बारीक स्क्रू किंचित फिरवला की स्पष्ट असलेले विरघळते व धूसर असलेले वर येते. या जगात खोली असते, पण दूर आणि जवळ नसते. रंगही वस्तूचा नसतो: ऊतींच्या काचपट्ट्यांवर पेशीकेंद्र जांभळट निळे आणि भोवतालचा भाग गुलाबी दिसतो तो हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंजकद्रव्यांमुळे, म्हणजे कोणीतरी तो रंग दिलेला असतो. खोल समुद्रात याच्या उलट घडते. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, सुमारे हजार मीटरखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, आणि तेथील जीव स्वतः जो प्रकाश निर्माण करतात तो बहुधा निळसर असतो. त्यामुळे दिव्याखाली लालभडक दिसणारी कोळंबी तिच्या घरी काळी, जवळजवळ अदृश्य असते. छायाचित्रातला तो लाल रंग पाणबुडीच्या दिव्याने आणलेला पाहुणा होय. आपण छायाचित्रांवरून काम करता, तेव्हा हे ध्यानात असलेले बरे.

पाहण्याच्या या अडचणीतून चित्र कसे निघते याचे उत्तम उदाहरण बर्म्युडा बेटांजवळ घडले. निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीबी आणि अभियंता ओटिस बार्टन हे पोलादी गोळ्यात बसून १५ ऑगस्ट १९३४ रोजी ९२३ मीटर खोल गेले. अशा बुड्यांत क्वार्ट्झच्या छोट्या खिडकीतून दिसेल ते बीबी टेलिफोनवरून सांगत असे, वर जहाजावर त्याची सहकारी ग्लोरिया हॉलिस्टर ते टिपून घेई, आणि या वर्णनांवरून चित्रकार एल्स बोस्टेलमान त्या प्राण्यांची चित्रे रंगवी. तिने ते प्राणी त्यांच्या जागी कधीच पाहिले नव्हते. बीबीने १९३२ मध्ये पाहिलेला, अंगावर फिक्या निळ्या दिव्यांची ओळ आणि खाली लोंबणाऱ्या दोन स्पर्शिका असलेला एक मासा तर त्यानंतर कोणालाच सापडलेला नाही, तरी त्याचे चित्र आहे आणि शास्त्रीय नावही आहे. बोस्टेलमानची चित्रे अमूर्त नव्हेत, ती निसर्गचित्रेच. परंतु काळ्या पार्श्वभूमीवर कशाच्याही आधाराविना लटकणारे प्रकाशबिंदू अमूर्ताच्या किती निकट येतात हे त्यांतून कळते.

तेव्हा उचलायची ती ही परिस्थिती: आधार नसणे, प्रमाण नसणे, रंगाची मालकी वस्तूकडे नसणे. जो चित्रकार या तीन गोष्टी कॅनव्हासवर आणतो त्याला एकही रेडिओलेरियन काढण्याची गरज पडत नाही. भारतीय अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी समुद्री जीव रंगवले नाहीत, पण रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत आणि खरवडत त्यांनी जी खोली साधली तिच्यातही असेच काही उमटते आणि बुडते. कांडिन्स्कीच्या अनेक चित्रांना न्यूयॉर्कच्या ज्या गुगेनहाइम संग्रहालयाने घर दिले त्यानेच २०१४ मध्ये गायतोंडे यांचे मोठे प्रदर्शन भरवले, हा योग अनाठायी वाटत नाही. याउलट, ॲक्रिलिकमध्ये सिलिकॉन तेलाचे थेंब घालून रंग ओतला की आपोआप पेशींसारखी वर्तुळे फुटतात, ती युक्ती शक्यतो टाळावी. ती फार लवकर सुंदर दिसते, आणि त्यानंतर चित्रकाराला करण्यासारखे काही उरत नाही.

राहिला आपल्या नियोजित आठ फुटी कॅनव्हासचा प्रश्न. काचपट्टीवरील जीवाला डोळ्यांनी ठरवता येईल असे माप नसते, परंतु माणसाहून मोठा रंगवलेला जंतू चटकन राक्षस होतो आणि पाहणारा त्याला नाव देऊ लागतो. ‘आकाशी निळा’मधील कांडिन्स्कीचे आकार लहान आहेत, म्हणून नजर त्यांच्यात हिंडू शकते. मोठाच कॅनव्हास घ्यावयाचा असेल तर जागा मोठी करावी, आकार नव्हे, आणि पहिला थर वाळला की तो उलटा टांगून पाहावा; वर आणि खाली यांत फरक जाणवला तर क्षितिज कोठेतरी शिल्लक आहे असे समजावे.